बिनज्वाळेची भट्टी

१२ जानेवारी

प्रिय भावोजी,

तुम्हाला आणि धाकटीला आशीर्वाद. धाकटीला जरा जास्त, कारण तुम्हाला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे.

मागच्या पत्रात तुम्ही पहिल्याच ओळीत विचारलंत, "भट्टी कशी आहे?" लोक आधी माणसांची विचारपूस करतात. पण तुम्ही दोघे भाऊ एकाच मुशीतले. हेही कारखान्यात शिरले की आधी भट्टीचं तोंड बघायचे, मग आमची. तर भट्टी थकली आहे. आतल्या विटा झिजून झिजून पातळ झाल्या आहेत आणि यंदा ती पाडावीच लागणार. तुम्हाला ठाऊक आहेच, पण तुम्ही पत्र धाकटीला वाचून दाखवता म्हणून लिहिते. काचेची भट्टी एकदा पेटवली की दहा-बारा वर्षं विझवायची नसते. आतला रस थिजला की त्याचा दगड होतो, आणि तो दगड काढायचा तर भट्टीच फोडावी लागते. म्हणून नवी भट्टी कशावर चालवायची हे एकदा ठरवलं की बारा वर्षं मागे फिरता येत नाही.

आमच्याकडे एक नवी इंजिनीअर मुलगी आली आहे. ती म्हणते विजेवर चालवू. मी म्हटलं, बाटल्या करायच्या आहेत, चहा नाही करायचा. तिने वाद घातला नाही. पॅकिंगच्या शेडमध्ये एक लहानशी भट्टी बांधली, आधी बर्नरने थोडी काच वितळवून घेतली, मग बर्नर काढून टाकला आणि तळातून दोन्ही बाजूंनी धातूच्या कांड्या आत घातल्या. थंड काच विजेला वाट देत नाही, पण वितळलेली देते म्हणे. म्हणजे आग बाहेरून लावायचीच नाही. वीज काचेच्या अंगातून जाते आणि काच स्वतःच तापते.

काही दिवसांनी सकाळी मी आणि कप्तान बघायला गेलो. कप्तान म्हणजे आमचा मुख्य भट्टीवाला, ह्यांच्या वेळेपासूनचा. बघतो तर भट्टी वरून काळी! वाळू आणि सोडा नुसते गोधडीसारखे पसरलेले. धग नाही, उजेड नाही, घुमणं नाही. हात टेकवावा इतकं गार वाटत होतं. कप्तानने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, गेली ही." मग सवयीने त्याने सळई उचलली आणि तो थर फोडून आत बघितलं. पलीकडून ती मुलगी ओरडत आली, "अहो मामा, तिचं पांघरूण काढू नका!"

त्या फटीतून जो उजेड वर आला, भावोजी, आम्हा दोघांना तोंड फिरवावं लागलं.

ते वरचं काळं म्हणजे खरंच पांघरूण होतं. ऊब आत कोंडून ठेवायला. आम्ही जन्मभर भट्टीची तब्येत तिच्या ज्वाळेवरून ओळखली, म्हणून जिवंत भट्टीला मेलेली समजलो. नंतर मुलीने मला वाकून खालच्या बाजूने बघायला लावलं. तिथून काच उतरत होती. मधाची धार असते तशी, पण आतून पेटलेली, आणि कुठे म्हणून आवाज नाही. मी चाळीस वर्षं भट्टीजवळ ओरडून बोलत आले. त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले, आणि तेही कोणी न सांगता. शाळेत आम्ही दंगा करत चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, दारापर्यंत यायचो आणि उंबरठ्यावर आपोआप आवाज खाली यायचे ना, अगदी तसं.

मोठी भट्टीही अशीच बांधायची ठरवलं आहे, तेव्हा आता माझा सगळा भार विजेवर. म्हणजे वीजकेंद्रातल्या तुमच्यावर म्हणा ना.

तुमची,
वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

वाकून नमस्कार. आज गुडघा बरा आहे, म्हणून खरोखर वाकून.

पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. कप्तानने टोपी काढली तिथे तुमच्या जाऊला हसून हसून ठसका लागला. मग म्हणाली, मलाही न्या एकदा. मी म्हटलं, त्यात काय बघायचं, वरून तर काळीच आहे. तर म्हणते, "भट्टी नाही हो, जाऊबाईंना हळू बोलताना बघायचंय."

तर शेवटी आलात माझ्याच दारात! दादा मला कायम टोचायचा, "मी हातात धरता येईल असं काही बनवतो, तू नुसती तारेत हवा सोडतोस." आज असता तर मी दिवसभर मिशीला पीळ देत त्याच्यासमोर बसलो असतो.

पण आनंदात विरजण पडलंय, तेही सांगतो. विधिमंडळात एक विधेयक आलंय. ठराविक वर्षांत राज्यातली सगळी वीज ऊन, वारा आणि पाणी यांच्यावर करायची, कोळसा बंद. कोळसा बंद म्हणजे आमचं वीजकेंद्र बंद. माझी नोकरीची चारच वर्षं उरलीत, माझं मी बघेन. पण इथली अख्खी कॉलनी, शाळा, दवाखाना, कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा त्या धुराड्याच्या जिवावर उभा आहे. आणि या विधेयकाला सगळ्यात मोठा पाठिंबा कोणाचा, माहीत आहे? कारखानदारांचा! बर्फवाले, छापखानेवाले, शीतगृहवाले. बटण दाबण्यापलीकडे ज्यांनी विजेचं कधी तोंड पाहिलं नाही, ते आम्हाला शिकवणार.

मार्चमध्ये समितीपुढे सुनावणी आहे. कॉलनीने बोलायला मला निवडलंय. तुमचं पत्र वाचलं आणि मला माझा मुद्दाच सापडला. मी सांगणार, आमच्या वहिनींची भट्टी बघा. वारा पडला, ढग आले आणि एक दिवस वीज गेली, तर आत दगड! दादाचा कारखाना एका दिवसात संपेल. यावर कोणाकडे उत्तर असेल तर समोर यावं.

तुमची परवानगी गृहीत धरतो.

भावोजी


९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

उत्तराला उशीर झाला. इकडे कामाची गडबड आहे. कप्तान रोज त्या लहान भट्टीपाशी जाऊन उभा राहतो आणि कोणी बघत नाहीसं पाहून तिच्याशी बोलतो. काय बोलतो ते विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाई, ओळख करून घेतोय." धाकटीच्या खोकल्याचं काय? मी पाठवलेलं औषध तिने घेतलं की कपाटात शोभेला ठेवलं? माझ्या डोळ्याचं काम झालं, आता सुईत दोरा घालता येतो.

एक विनंती आहे. समितीपुढे माझ्या भट्टीचं उदाहरण देऊ नका. कारण विचारू नका, एवढं ऐका.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

समजलं. तुमच्या गिऱ्हाइकांच्या कानावर भट्टी विजेच्या भरवशावर आहे असं जायला नको, हेच ना? माझ्या डोक्यात आलं नव्हतं. धंदा तुम्हाला कळतो, मला नाही. नाव घेणार नाही, 'एक काच कारखाना' एवढंच म्हणेन.

भाषण रोज आरशासमोर म्हणतो. तुमची जाऊ म्हणते, हात जरा कमी हलवा, घरात वारा येतो. (औषध घेतलं तिने. निम्मं.)

सुनावणी तुमच्या गावापासून तासाभरावर आहे. ती आटोपली की दोन दिवस तुमच्याकडे मुक्काम. त्या काळ्या भट्टीचं मुखदर्शन घ्यावं म्हणतो.

भावोजी


२ मार्च

प्रिय भावोजी,

हे पत्र धाकटीला वाचून दाखवण्याआधी एकटे वाचा.

विधेयकाला पाठिंबा देणारं कारखानदार संघाचं जे पत्रक आहे, त्यावर पहिली सही माझी आहे. तुम्ही विधेयकाबद्दल पहिलं पत्र लिहिलंत त्याच्या आधीची. आणि समितीपुढे संघाच्या वतीने मीच बोलणार आहे. बर्फवाले तयार होते, पण सगळे म्हणाले, ज्याची भट्टी बारा वर्षं विजेवर जगणार आहे त्याने बोलावं.

तुम्ही विचाराल, का. माझ्या बाटल्या औषध कंपन्या घेतात. बाटली कशाच्या आगीवर झाली, हे आता त्या विचारतात, आणि उद्या उत्तर आवडलं नाही तर दुसरीकडे जातील. हे एक. दुसरं असं, की धंद्याला स्वस्त चालतं, महागही एक वेळ चालतं, पण आज एक आणि उद्या भलतंच हे चालत नाही. आज एक मंत्री ऊन म्हणतो, उद्या दुसरा येऊन कोळसा म्हणतो. मला बारा वर्षांचा शब्द हवा आहे. राज्याने दिलेला शब्द म्हणजे कायदा.

पण ही समितीला सांगायची कारणं झाली. तुम्हाला वेगळं सांगते. ती बिनज्वाळेची आग पाहिल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. इतकी स्वच्छ, इतकी मुकाट आग. आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मात्र धूर. म्हणजे धूर गेला नाहीच, नुसता माझ्या अंगणातून उठून तुमच्या अंगणात आला. तुमच्याकडे राहायला आले की मी बघते ना, धाकटी कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसून घेते. रोज. तिला वाटतं सगळ्याच घरांत पुसतात.

इतके दिवस लपवलं, कारण मी घाबरले. हे गेल्यापासून मी सगळ्यांची बाई आहे, मॅडम आहे. वहिनी म्हणणारे तुम्ही एकटे उरलात. ते एक नातं तुटलं तर ह्यांच्या घरातली म्हणून मी कोणाचीच राहत नाही. कारखाना बुडण्याची मला इतकी भीती वाटत नाही.

तरी मी बोलणार आहे. तुम्हीही माझ्याविरुद्ध बोला, जोरात बोला, हवे तेवढे हात हलवा. फक्त माझ्याकडे पाठ करून बसू नका.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

पत्राला उत्तर दिलं नाही, कारण रागाचं पत्र लिहायला बसलो की कागदावर 'वहिनी' एवढंच यायचं आणि पुढे हात चालायचा नाही.

सुनावणीला मी पाठ करून बसलो नव्हतो. खांबाआड बसलो होतो. सुनावणीनंतर तुम्हाला न भेटता निघालो, मुक्कामालाही आलो नाही. रागावून नाही. आधी कॉलनीत जाऊन उभं राहायचं होतं, तुमच्याकडचा चहा पिऊन मग नाही. जे झालं ते तुम्ही पाहिलंत, पण माझ्या बाजूने कसं झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही उठलात आणि दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिलात. माझ्या शेजारी आमच्या कॉलनीतला माझा पाळीचा जोडीदार होता. तो पुटपुटला, "शाळेतली पोर पाढे म्हणायला उभी राहिलीय." मी त्याला ढोसलं. का, कोण जाणे. मी तुमच्या विरुद्धच आलो होतो.

मग ते जाड चष्म्याचे सभासद म्हणाले, "बाई, एक दिवस वीज गेली तर तुमच्या भट्टीचं काय होईल?" माझाच प्रश्न! खिशात घडी करून ठेवलेला. वाटलं, आता गोल गोल काहीतरी बोलतील. आणि तुम्ही म्हणालात, "दगड होईल. मी बुडेन."

"मग पाठिंबा कसला देता?"

"साहेब, नुसतं कोळसा बंद करा एवढाच कायदा असेल तर माझी सही परत द्या. वीज डगमगू न देण्याची जबाबदारीही त्यात लिहा. ती कशी पार पाडायची हे मला सांगता येणार नाही. जन्मभर ते काम केलेली माणसं तुमच्या राज्यात आहेत, या खोलीतसुद्धा असतील. त्यांना घालवू नका. त्यांना विचारा."

तुम्ही मला खांबाआड पाहिलंत तर! सगळ्या खोलीसमोर मलाच हाक मारलीत. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं तेव्हा भाषणाची घडी मी उघडलीच नाही.

मी काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. आमच्या जनरेटरचं आतलं चाक म्हणजे एखाद्या खोलीएवढं लोखंड आहे. वाफ बंद केली तरी ते फिरतं ठेवता येतं. तारांमधूनच थोडीशी वीज घेतं आणि नुसतं फिरत राहतं. ते वीज बनवत नाही. वीज साठवायला बॅटऱ्या लागतील, धरणं लागतील. पण कुठे वारा पडला, कुठे एखादी लाइन तुटली, की तारांना जो हिसका बसतो तो अशी जड चाकं अंगावर घेतात. एका दूरच्या केंद्रात मी हे डोळ्यांनी पाहून आलो होतो. घरी येऊन कोणाला बोललो नव्हतो. आगीशिवायचं वीजकेंद्र हा विचारच मला सहन होत नव्हता. पण ज्या बाईने सगळ्यांदेखत 'मी बुडेन' म्हणून खरं सांगितलं, तिच्यापुढे अर्धवट सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

कॉलनीत आता माझ्याशी कोणी बोलत नाही. पाण्याच्या टाकीपाशी मंडळी बसलेली असतात, मी गेलो की सगळ्यांना घरी कामं आठवतात. जोडीदाराने तेवढं तोंडावर विचारलं, "काय रे, वहिनीने विकत घेतला का तुला?" मी म्हटलं, आमची वहिनी घासाघीस केल्याशिवाय पावशेर मीठ घेत नाही, मला काय घेते. तो हसला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

भावोजी


६ एप्रिल

प्रिय भावोजी,

मला हसू आवरत नाही आणि डोळेही पुसते आहे. कप्तान दारातून डोकावून गेला, म्हणाला, "बाई, भट्टी ठीक आहे ना?"

भावोजी, मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. आत शिरताना सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, तुम्ही कुठे दिसला नाहीत. वाटलं, रागावलात, आलाच नाहीत. माझ्यासमोर उभं राहावं लागू नये म्हणून कॉलनीचा शब्दही मोडलात. तेव्हा म्हटलं, तुमच्या वाटचंही मीच बोलते. मी तुमच्याविषयी बोलत होते हो, तुमच्याशी नाही! मग अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि खांबामागून तुम्ही निघालात. माझ्या मागे बांधलेल्या हातांची बोटं मीच इतकी आवळली की संध्याकाळपर्यंत दुखत होती.

तुम्ही त्या चाकाबद्दल बोलत होतात तेव्हा चष्मेवाले सभासद लिहायचे थांबले. मला वाटलं, हा माझा दीर आहे. लग्नानंतर पहिल्या दिवशी माझ्या चपला लपवून ठेवणारा हा मुलगा. आणि याच्या हातात एवढं मोठं काहीतरी रोज फिरत होतं, आम्हाला कधी दिसलंच नाही.

मी समजत होते की बोलण्याची किंमत मला चुकवावी लागेल. ती तुम्ही चुकवताय. तुम्ही दोघं इकडे या. किंवा मी येते. टाकीपाशी तुमच्याशेजारी येऊन बसते, बघू कोण उठतं.

तुमची,
वहिनी


१८ नोव्हेंबर, दुसऱ्या वर्षी

वहिनी,

काल फोनवर गडबडीत सांगितलं, पण ते सांगणं काही खरं नाही. नीट लिहितो.

तुम्ही टाकीपाशी येऊन बसला होतात त्याला आता दीड वर्ष झालं. कायदा झाला, त्यात वीज डगमगू न देण्याचं तुमचं कलम आलं, तरी लोकांचं माझ्याशी बोलणं तुटकच राहिलं. त्यांचंही चूक नव्हतं. निम्मी घरं रिकामी झाली. काही जण नव्या बॅटरी केंद्रावर गेले, काही कुठे गेले ते कळलंही नाही. कोपऱ्यावरचा न्हावी गेला. मी अजून स्वतःची दाढी नीट करू शकत नाही.

बॉयलरची आग मेमध्ये विझवली. त्यानंतर सगळा पावसाळा आणि पुढचे महिने चाक वाफेशिवाय फिरवण्यासाठीची दुरुस्ती चालली, आणि तोवर कॉलनीत भयाण शांतता. आम्हाला माहीतच नव्हतं की आमच्या प्रत्येक घरात तो एक घुमारा होता. तो गेला तेव्हा लोक मोठ्याने बोलायला लागले, रेडिओ लावून ठेवायला लागले. तुमच्या जाऊने एकदा दोरी पुसली, फडका बघितला, उलटा करून परत बघितला, आणि मला न सांगता तो घडी करून ठेवून दिला.

काल चाक फिरवायचं होतं. उरलेली सगळी माणसं हॉलमध्ये आली, बायकामुलंही. कोणाला वाटत नव्हतं काही होईल. एका लहानशा मोटरने सुरुवात केली. एवढंसं यंत्र त्या पर्वताला ढकलत होतं. आधी काहीच नाही. मग पायाखालची फरशी किंचित शहारली. मग हळूहळू तो घुमारा चढत गेला, चढत गेला, आणि तारांच्या लयीशी जुळला. अगदी तोच, वहिनी! वाफ नाही, कोळसा नाही, धुराडं गार, आणि तोच आवाज. मी तीस वर्षं त्याला आगीचा आवाज समजत होतो. तो फिरण्याचा होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे गेली आणि तिने यंत्राच्या अंगाला त्याचा तळवा लावला. मग एकेक जण पुढे येत गेला.

दुपारी तिकडे दूर कुठेतरी पवनचक्क्यांची एक मोठी लाइन तुटली. तारांची लय दाखवणारा काटा हलला. चाकाचा आवाज किंचित खोल गेला, जसा भारी ओझं खांद्यावर घेताना माणसाचा जातो, आणि तसाच टिकला. काटा परत जागेवर आला. त्या क्षणी राज्यात कुठे दिवा मिचकावलाही नसेल. तुमच्याकडे कप्तानला काही कळलं का, विचारा. कळलं नसेल. न कळणं हेच आमचं काम.

माझा जोडीदार शेजारी उभा होता. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "ह्या चाकापाशी आता बसायचं कोणी?"

मी म्हटलं, "पहिली पाळी माझी."

"माझी काय म्हणतोस," तो म्हणाला, "आपली म्हण." आणि खुर्ची ओढून बसला.

हे पत्र तिथेच बसून लिहितोय. तो शेजारी आहे, मध्येमध्ये डोकावून विचारतो, वहिनीला काय लिहितोस एवढं. तुमच्या भट्टीला सांगा वहिनी, पाळीवर आम्ही आहोत.

भावोजी